छतावर सोलर: तिसरा किलोवॅट घ्यायचा की नाही?

(गच्चीवर. हातात वीजबिल.)

नमस्कार! आज आपण गच्चीवर आहोत, मागे पॅनेल दिसतायत, पण तिकडे नंतर वळू. आधी या कागदाकडे बघायचंय.

सोलरवाला घरी आला की त्याची पहिली नजर गच्चीवर जाते. आमच्याकडे मिरजेला जो पहिला आला, तो जिना चढता चढताच म्हणाला, "वहिनी, एवढी मोठी गच्ची आहे, पाच किलोवॅट आरामात बसतील." बसतील हो! पण आम्ही महिन्याला वीज किती जाळतो, हे त्याने विचारलंच नाही. पातेलं मोठं आहे म्हणून चौघांसाठी कोणी वीस जणांची खिचडी टाकतं का?

तर बिल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा, बाराने भागा. फक्त मे महिन्याचं बिल बघून घाबरू नका. आमचं उत्तर आलं २८० युनिट.

आपल्याकडे १ किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात ते पार निम्म्यावर येऊ शकतं. आणि भर मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज होत असेल असं वाटतं ना? पॅनेल तापलं की त्याची वीज कमी होते. त्याला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. माझ्यासारखंच.

आता स्लॅब. इथेच सगळी गंमत आहे. घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० जवळजवळ दुपटीने महाग. हिशेब सोपा जावा म्हणून मी ६ रुपये आणि १२ रुपये धरते. तुम्ही तुमच्या बिलावरचे दर घाला, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून.

२ किलोवॅट बसवलं, २४० युनिटं झाली. सोलर आपल्या बिलातली वरची, म्हणजे महागडी युनिटं आधी खातं. १८० युनिटं बारा रुपयांची, झाले २,१६०. वर ६० युनिटं सहाची, ३६०. महिन्याला २,५२० रुपये वाचले. आम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये २ किलोवॅटचे १ लाख ४० हजार होते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार अनुदान आहे. ६० हजार वजा, उरले ८० हजार. पावणेतीन वर्षांच्या आत वसूल!

मग तिसरा किलोवॅट का नाही? त्याचे कोटेशनमध्ये आणखी ५० हजार, आणि त्याला अनुदान फक्त १८ हजार. खिशातून ३२ हजार. तो १२० युनिटं बनवणार, पण माझ्या बिलात त्याला खायला उरलंय काय? ४० युनिटं, तीही सहा रुपयेवाली. महिन्याचे २४० रुपये. ३२ हजार भागिले २४०... अकरा वर्षं लागतात. पहिल्या दोघांना तीनसुद्धा लागत नाहीत. चौथ्याला तर अनुदानच नाही, ७८ हजारांवर ते थांबतं. कोणी पाच किलोवॅट गळ्यात मारत असेल तर हे आठवा.

"पण ताई, जास्तीची वीज विकता येते ना?" येते, पण धंदा म्हणून नाही. नेट मीटर म्हणजे आपण घेतलेली आणि लाईनमध्ये दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते, हे उत्तम. पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हा जी शिल्लक असेल तिचे पैसे मिळतात, आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्या तुलनेत अगदीच कमी दराने. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात साठवलेली युनिटं नेमकी पंखे-कूलर सुरू व्हायच्या तोंडावर हातातून जातात. माझी याबद्दल तक्रार आहे, पण नियम तसा आहे.

अर्थात, वर्षभरात एसी घेणार असाल, इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर तिसरा किलोवॅट डोळे झाकून घ्या. आणि मुलं शिकायला बाहेर चाललीत, घरात दोघंच उरणार, तर दोनसुद्धा जास्त होतील.

(कॅमेरा पाण्याच्या टाकीकडे.)

ही टाकी बघा. ही आमची चूक. जागा बघायला माणूस आला तो मे महिन्यात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मिरजेत शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. टाकीची सावली टाकीच्याच बुडाशी. त्याने टाकीच्या उत्तरेला पॅनेलची ओळ आखली आणि गेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला. २१ डिसेंबरला भर बारा वाजतासुद्धा इथे सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ एवढी पडते, सकाळी तर त्याहून कितीतरी लांब. टाकी चबुतऱ्यासकट आठ फूट. सकाळी साडेआठपासून कडेच्या पॅनेलवर ही सावली सरकत यायची, आणि पॅनेल माळेसारखी जोडलेली असल्यामुळे एकावरच्या सावलीचा फटका बाकीच्यांनाही बसायचा. शेवटी टाकी हलवली. प्लंबरचे पैसे वेगळे! जागा ठरवताना दक्षिणेला काय उभं आहे ते बघा. टाकी, नारळ, शेजाऱ्यांचा चढणारा मजला. जमलं तर हिवाळ्यात बघा.

पैशांचं बोलू. अनुदान आधी मिळत नाही. सगळं बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते तुमच्या बँक खात्यात येतं. म्हणून "आमच्याकडे फक्त ८० हजार" असं कोणी म्हणालं तर विचारा, मधल्या काळात ६० हजार कोण घालणार? बहुतेक वेळा तुम्हीच. ३ किलोवॅटपर्यंत बँका विनातारण कर्ज देतात, व्याज साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी. हप्ता वाचणाऱ्या बिलाच्या आत बसत असेल तर घ्यायला हरकत नाही, आणि अनुदान आलं की ते तिकडेच भरून टाका. त्या पैशांतून फ्रिज घेऊ नका.

आता आपल्या घराघरातली अडचण. बिलावर नाव कुणाचं आहे? आमच्या बिलावर आजेसासऱ्यांचं होतं. ते जाऊन चौदा वर्षं झाली, बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावाने यायचं, आणि सासूबाईंना ते बदलावंसं वाटत नव्हतं. पण अर्ज त्या ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदानाचं खातं ग्राहकाच्या नावाचं लागतं. आधी नाव बदलून घ्या, मग सोलरवाल्याला फोन करा. आम्ही उलटं केलं, दोन महिने गेले.

कोटेशनमध्ये दोन शब्द शोधा. एक, डीसीआर. म्हणजे भारतात बनलेल्या सेलचं, भारतात बनलेलं पॅनेल. ते जरा महाग असतं, पण अनुदान त्यालाच आहे. स्वस्तातलं दुसरं लावून घेतलंत तर अनुदान विसरा. दोन, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्याची मजुरी धरून एकूण ८.९ टक्के पडतो. कागदावर १३.८ दिसलं तर ते जुनंच कोटेशन तारीख बदलून दिलंय.

आणि हो, लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारी, लख्ख उन्हात. बिघाड नाही तो. खांबावर वायरमन काम करत असतो, आपली वीज उलटी लाईनमध्ये गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, स्वतःच थांबतो. लाईट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. शहरात मी तरी तो करणार नाही. बिल अगदी शून्यही होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

शेवटचा हप्ता. पॅनेल चढली, ढाच्याचे नटबोल्ट आवळले, की कारागीर घाम पुसत म्हणतो, "ताई, काम झालं, बाकीचे देऊन टाका." काम झालेलं नसतं. नेट मीटर यायचा असतो, आणि पूर्ण पैसे हातात पडल्यावर त्याचा पाठपुरावा कोण करतं? आम्ही दहा टक्के मागे ठेवले होते. मीटर लागल्यावर दुपारी घरातलं सगळं बंद केलं, त्याला मीटरसमोर उभं केलं, आणि एक्स्पोर्टचा, म्हणजे आपल्याकडून लाईनमध्ये गेलेल्या विजेचा, आकडा पुढे सरकलेला दोघांनी मिळून बघितला. मग चहा, मग चेक.