वाट करणारे रणगाडे

(सीमाभागातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

येताना पिरनवाडीपाशी अर्धा तास अडकलो. उसाच्या दोन ट्रॉल्या आणि पुढं एकच ट्रॅक्टर. याच ट्रॅक्टरनं जूनमध्ये कुणाच्या तरी रानात भातासाठी चिखलणी केली असेल, दिवाळीनंतर मळणी मशीन फिरवलं असेल. मागची जोडणी बदलली की त्याचं काम बदलतं. आज मला रणगाड्यांबद्दल हेच सांगायचं आहे, म्हणून सुरुवात त्या ट्रॅक्टरपासून करतो.

माझी ओळख करून देताना 'माजी सैनिक' म्हटलं, ते खरं. पण मी गोळी झाडणारा नव्हतो. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागात होतो, रिकव्हरीत. रुतलेला, बिघडलेला रणगाडा ओढून आणायचा हे माझं काम. रिटायर झाल्यावर बेळगावच्या उद्यमबागेत लेथ टाकला. त्यामुळं रणगाडा म्हटलं की लोकांना तोफ दिसते, आणि मला ट्रॅक म्हणजे पोलादी पट्टे, बोगी म्हणजे त्यांतली चाकं, आणि चिखल दिसतो.

१९१५ साली ब्रिटिशांनी पहिला रणगाडा करायला घेतला तो लिंकन गावातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत. ही कंपनी शेतीची अवजारं करायची, मळणी यंत्रं करायची. पट्ट्यांवर चालणारे अमेरिकन होल्ट ट्रॅक्टर तेव्हा फौजेत तोफा ओढत होते. म्हणजे रणगाड्याचं मूळ शेताच्या बांधावर आहे. १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समध्ये फ्लेर्स गावापाशी रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले, आणि वर्षभरातच त्यातले जुने मार्क वन, म्हणजे पहिल्या बनावटीचे, लढायला कमी पडू लागले. ते भंगारात गेले नाहीत. काहींच्या तोफा उतरवून त्यात पेट्रोल आणि दारूगोळा भरला, काहींत वायरलेस बसवला. रूपांतर तिथूनच सुरू झालं.

नोव्हेंबर १९१७ची काँब्रेची लढाई बघा. जर्मनांचे खंदक इतके रुंद होते की रणगाडा त्यात नाक खुपसून अडकला असता. मग काय केलं? लाकडाच्या मोळ्या बांधल्या! आपल्याकडं ऊसतोड टोळीतली बाई वाढ्यानं मोळी आवळते, तशीच मोळी, पण साडेचार फूट जाड, दहा फूट लांब आणि वजन दीड टनाच्या पुढं. ती आवळायला साखळी घातली आणि साखळीची दोन टोकं दोन रणगाड्यांनी उलट दिशांना ओढली. बांधणारे होते चिनी मजूर, फ्रान्समध्ये फौजेच्या वर्कशॉपात राबणारे. प्रत्येक रणगाड्याच्या डोक्यावर एक मोळी. खंदकाच्या काठावर आलं की ती आत सोडायची आणि तिच्यावरून पलीकडं जायचं. २० नोव्हेंबरला सकाळी ४७६ रणगाडे निघाले, त्यातले ३७८ लढणारे. बाकीचे सामान नेणारे, काटेरी तारा ओढून काढणारे, वायरलेसवाले. लढाईच्या इतिहासात या बाकीच्यांना एखादं वाक्य मिळतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता दुसऱ्या महायुद्धाकडं येऊ, कारण हा विषय खरा तिथं पिकला. १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं दिएप. कॅनेडियन फौज 'चर्चिल' नावाचे ब्रिटिश रणगाडे घेऊन उतरली. किनाऱ्यावर वाळू नव्हती, गोटे होते. ते ट्रॅक आणि चाकांच्या मध्ये शिरले आणि गाड्या जागेवर फिरू लागल्या. काही रणगाडे भिंत चढून वर गेले, पण गावात शिरणारे रस्ते काँक्रीटनं बंद केलेले. ते काँक्रीट सुरुंगानं उडवायचं काम सॅपर्सचं, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर जवानांचं, आणि ते उघड्यावर गोळ्या खात पडलेले. सुमारे ५,००० कॅनेडियनांपैकी ९००हून जास्त मेले.

या पराभवातून एका कॅनेडियन इंजिनिअर अधिकाऱ्यानं, डेनोवन त्यांचं नाव, साधा प्रश्न विचारला: सॅपरला रणगाड्याच्या आत का बसवू नये? चर्चिलला पोटात जागा भरपूर आणि बाजूला दार. तोफ काढून त्या जागी जाड नळीचं मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, बसवलं, १८ किलोचा बॉम्ब फेकणारं. पल्ला फार तर ८०-९० मीटर, म्हणजे काँक्रीटच्या अगदी दारात जावं लागे. शिवाय ते भरायचं बाहेरून: झाकण सरकवून हात बाहेर काढायचे आणि बॉम्ब ढकलायचा. त्या हातांचा विचार करा. याच गाडीवर मग कुणी पूल लादला, कुणी मोळी, कुणी कापडाचं मोठं रीळ. किनाऱ्यावरच्या मऊ चिखलावर गालिचा अंथरत जायचं, मागच्या गाड्या त्यावरून येतील. चिखल कुठं आहे हे बघायला ३१ डिसेंबर १९४३च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि पहारेकऱ्यांच्या नाकाखालून मातीचे नमुने घेऊन आले.

हे सगळं एका माणसाच्या हाताखाली आलं: पर्सी होबार्ट. जन्म नैनीतालचा, १८८५चा, आणि नोकरीची सुरुवात आपल्या बंगाल सॅपर्समध्ये. १९४०मध्ये त्यांना निवृत्त करून घरी बसवलं होतं. रणगाड्यांची डिव्हिजन उभी केलेला हा मेजर जनरल गावच्या होमगार्डमध्ये फीत लावून लान्स कॉर्पोरल म्हणून, जवळजवळ तळाच्या हुद्द्यावर, उभा होता. पंतप्रधान चर्चिलनी परत बोलावलं, आणि पुढं ७९वी आर्मर्ड डिव्हिजन त्यांच्या हाती दिली. ती असल्या खास गाड्यांचीच.

त्यातली एक जवळून बघू. ही माझ्या शेडमधली साखळी आणली आहे. (साखळी टेबलावर आपटतात.) ऐकलंत? आमचा आज्जा खानापूरकडच्या खळ्यात नाचण्याची कणसं काठीनं झोडपायचा, तसाच हा मार. अशा ४३ साखळ्या एका आडव्या रोलरला बांधल्या, रोलर अमेरिकन बनावटीच्या शर्मन रणगाड्याच्या पुढं दोन हातांवर धरला आणि त्याच रणगाड्याच्या इंजिनावर तो फिरवला, मिनिटाला १४२ फेरे. साखळ्या जमीन बडवत जातात आणि पुरलेला सुरुंग पुढंच फुटतो. नाव 'क्रॅब', खेकडा. वेग ताशी २ किलोमीटर. धुरळा इतका की ड्रायव्हरला स्वतःच्या साखळ्या दिसत नाहीत. तोफ मागं फिरवलेली, म्हणजे समोर शत्रू आणि हातात शस्त्र नाही. सुरुंग फुटला की एखाद-दोन साखळ्या तुटणार. मुक्कामाला कुणीतरी पान्हा घेऊन त्या बदलत बसणार. ही कल्पना आफ्रिकेच्या वाळवंटात एका दक्षिण आफ्रिकन अधिकाऱ्याच्या डोक्यात आली. १९४२च्या अल अलामेनला जुन्या माटिल्डा रणगाड्यांवर तिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा इंजिनं तापून बंद पडत होती. मग शर्मनवर सुधारून घेतली.

सगळं जमलं असं मात्र नाही. पाण्यावर तरंगणारे शर्मन होते, भोवती कापडाचा पडदा आणि मागं पंखा. ६ जून १९४४ला ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकनांनी एका बटालियनचे २९ रणगाडे फार लांबून, खवळलेल्या समुद्रात सोडले. २७ बुडाले. यंत्र ज्या लाटेसाठी केलं होतं, ती लाट वेगळी होती. ज्यानं ते सोडायचा हुकूम दिला त्याला हे माहीत असायला हवं होतं, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनेडियनांनी 'प्रीस्ट' नावाच्या फिरत्या तोफांमधून तोफच काढली, भगदाड पोलादी पत्र्यांनी बंद केलं आणि आत पायदळ बसवलं. आठवडाभरात सत्तरच्या वर गाड्या तयार झाल्या. चिलखती गाडीतून पायदळ लढाईत नेण्याची आजची पद्धत तिथून आली. इस्रायलनं पुढं पकडलेल्या रशियन टी-५५ रणगाड्यांचं हेच केलं. आपल्याकडं महायुद्धात कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर टाटांच्या पोलादाचं चिलखत बसवून हजारो गाड्या झाल्या. जवान त्यांना 'टाटानगर' म्हणत. पुढं आपल्या विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर आपण १३० मिलिमीटरची तोफ बसवली, पूलही बसवला.

आता आपल्या गावाशी येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या बेळगावात. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठांना उंच बांध, बांधात जर्मन. आधी आग फेकणाऱ्या गाड्या पुढं आल्या: चर्चिलवर बसवलेल्या 'क्रोकोडाइल' आणि छोट्या कॅरियरवरच्या 'वास्प'. बांध पेटला. तरीही पहिल्या बटालियनचे मराठे नदीत उतरले तेव्हा समोरून मशीनगन चालूच होत्या. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांतून मागं आणलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी गप्प केली, आणि बांधावर चढून रणघोषणा देत बाकीच्यांना बोलावून घेतलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आगीच्या गाड्यांनी वाट निम्मी केली, उरलेली निम्मी त्या माणसानं केली.

शेवटी एक रात्र सांगतो, माझी. राजस्थानात कालव्याच्या पाझरानं भिजलेल्या रानात एक टी-५५ पोटापर्यंत रुतला. आमची रिकव्हरी गाडी म्हणजे टरेट, म्हणजे वरचा तोफेचा बुरूज, काढलेला रणगाडाच. मी तरणा, सरळ वायर रोप लावला आणि विंच, म्हणजे रोप गुंडाळून ओढणारं यंत्र, चालू केलं. रणगाडा हलला नाही, आमचीच गाडी त्याच्याकडं सरकायला लागली! उस्तादनी विंच बंद करवली. म्हणाले, "चिखल त्याला धरून बसलाय, आधी त्याचा श्वास सोडव." फावड्यांनी ट्रॅकमागची माती काढली, खाली ओंडके घातले, पुली लावून रोप दुहेरी केला. पहाटे तो निघाला. त्या रात्री एक शब्द ऐकू येत नव्हता, इतका इंजिनांचा आवाज. उस्ताद टॉर्चनं इशारा करत, आणि मी फक्त त्या उजेडाकडं बघत होतो.

म्हणून सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांची गोष्ट मला अंगाला भिडते. कारवारजवळच्या चेंडिये गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८, जम्मू भागातला नौशेरा-राजौरी रस्ता. पुढं सुरुंग, आडवे पाडलेले पाइन, वर डोंगरात मशीनगन. आपल्याकडं साखळ्यांचा खेकडा नव्हता, मोळीवाला चर्चिल नव्हता. होते ते छोटे स्टुअर्ट रणगाडे आणि सॅपर्सचे हात. ८ तारखेला राणे स्वतः जखमी झाले, माणसं गेली. तरी ते स्टुअर्टच्या पोटाखाली शिरले. वर रणगाडा हळूहळू पुढं सरकतोय, खाली ते त्याच्याबरोबर रांगत सुरुंग शोधतायत, आणि हातातल्या दोरीनं ड्रायव्हरला इशारा देतायत, कधी थांबायचं, कधी चालायचं. ११ तारखेच्या रात्रीपर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. १२ एप्रिलला रणगाडे राजौरीत होते.