बाकडं, पोर्टल आणि शेजारच्या आजी

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मला पंचवीस मिनिटं दिली होती, त्यातली सात माइकने खाल्ली. विषय माझा लाडका आहे. कॉलेज बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींनी एकाच कॉलेजला धरून राहावं, की पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव टाकून दुसरीकडे जावं? नियम कसे बदलत गेले ते सांगायचं कबूल केलंय, तेव्हा सांगते. पण आधी, गेल्या दहा वर्षांत ज्यांनी नोकरी बदलली नाही त्यांनी हात वर करा. चार. त्यातले ग्रीन कार्डच्या रांगेत किती? चारही! घ्या हात खाली.

आपण आयोवात राहतो, त्यामुळे केटलिन क्लार्क कोण हे सांगत बसत नाही. 15 ऑक्टोबर 2023 ला किनिकच्या फुटबॉल मैदानावर पोरींचा सामना ठेवला, तेव्हा 55,646 माणसं आली होती. त्यातली एक मी. थर्मासमधला चहा अर्ध्या तासात गार. वेस्ट डी मॉइनची ही मुलगी चार वर्षं इथेच, आयोवा विद्यापीठाकडून, बास्केटबॉल खेळली, म्हणून आपल्याला तिचं कोण कौतुक!

कार्व्हरमध्ये, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये, माझ्या शेजारच्या खुर्चीचं सीझन तिकीट एका आजींचं आहे. मॅचभर विणकाम करतात आणि मान वर न करता फाउल ओळखतात. कॉलेज सोडून जाणारी प्रत्येक मुलगी त्यांच्या लेखी कृतघ्न. ‘चार वर्षं एका जागी बसवत नाही का यांना?’ हे मी कितीदा ऐकलंय. मग 2024 च्या मोसमात व्हिलानोव्हा सोडून लूसी ओल्सन आपल्याकडे आली. पहिल्याच मॅचला आजी तिच्या नावाचा पुठ्ठा घेऊन हजर! म्हटलं, ‘आजी, हिनं कॉलेज सोडलंच की.’ तर म्हणाल्या, ‘अगं, ती आपल्याकडे आली ना!’ यावर महाराष्ट्राच्या राजकारणातलं उदाहरण ओठांवर आलंय, पण आज दिवाळी आहे. (हशा)

आता मला खरी सांगायची आहे ती गोष्ट एलेना डेल डॉनची. सहा फूट पाच इंच उंची, विल्मिंग्टन, डेलावेअरची. 2008 मध्ये शाळा संपवून निघाली तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक. गेली कुठे, तर कनेटिकट विद्यापीठात. म्हणजे मुलींच्या बास्केटबॉलचं पंढरपूरच. आणि दोन दिवसांत परत! जून महिना, बॅग नीट उघडलीही नसेल.

कारण होतं तिची मोठी बहीण लिझी. लिझीला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यात सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम. आपल्यातल्या प्रत्येकाचं कोणीतरी तिकडे भारतात आहे. आपण रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावतो, आई फोन कपाळाला चिकटवते, आपल्याला छत दिसतं, तरी भेटल्यासारखं वाटतं. लिझीला तेवढंही नाही. हातात हात घेऊन केलेल्या खुणा आणि माणसाचा वास, यांवर तिची ओळख. बहीण कॉलेजला गेली म्हणजे लिझीपुरती ती नाहीशीच झाली. म्हणून एलेना घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात गेली आणि वर्षभर चक्क व्हॉलीबॉल खेळली.

इकडे कनेटिकटने पुढचे दोन मोसम 39–0, 39–0 असे, एकही मॅच न हरता, काढले. दोन अजिंक्यपदं हिच्या हातची गेली. मग ती डेलावेअरकडून बास्केटबॉल खेळायला लागली आणि 2013 मध्ये त्या छोट्या कॉलेजला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सोळांत घेऊन गेली. पुढे डब्ल्यूएनबीएची, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगची, दोनदा सर्वोत्तम खेळाडू झाली, 2015 आणि 2019 ला. आता आजींना विचारायचंय की ही निष्ठावान की पळपुटी?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? तीन. बरं, वडे गार होतायत, समजलं.

तर नियम. पूर्वी बास्केटबॉलमधली मुलगी कॉलेज बदलून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, गेली, की साधारणपणे वर्षभर बाकड्यावर. सराव करायचा, मॅच नाही. दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची. ऑक्टोबर 2018 मध्ये पोर्टल आलं आणि परवानगी गेली. 2021 मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, त्याच वर्षी जाहिराती वगैरे करून स्वतःच्या नावावर पैसे कमवायचीही. एप्रिल 2024 पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा.

आणि कोच? किम मल्की बेलर विद्यापीठात 21 वर्षं कोच होत्या. 2021 मध्ये एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात, गेल्या. वर्षभर बसल्या का? दुसऱ्याच मोसमात राष्ट्रीय फायनलमध्ये आपल्याला 102–85 ने हरवलं! त्यांच्याकडे एंजल रीस मेरीलंडहून आलेली. जॅस्मिन कार्सनचं तर ते तिसरं कॉलेज, तिनं पहिल्या हाफमध्येच 21 पॉइंट ठोकले. ते मी अजून विसरलेले नाही. पण आपल्या संघातही मॉली डेव्हिस सेंट्रल मिशिगनहून आलेली होतीच, हेही विसरू नका.

एक मुद्दा राहतोय, अर्ध्या मिनिटात. 1973 पासून 2012 पर्यंत शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची देता यायची. म्हणजे कॉलेजनं दर वर्षी नवा विचार करायचा आणि पोरीनं मात्र चार वर्षं बांधून घ्यायचं. तुमच्या त्या चार हातांसारखंच ते, राहतात खरे, पण का राहतात ते त्यांनाच विचारा. पोर्टलमध्ये नाव टाकून कुठेच जागा न मिळालेल्या, शिष्यवृत्तीही गमावलेल्या मुली आहेत, त्यांच्यावर बोलायचं होतं. लहान कॉलेजांनी घडवायचं आणि मोठ्यांनी उचलायचं, त्यावरही. राहिलं.

हो, एक सूचना. आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, जानेवारीपर्यंत त्यांची खुर्ची रिकामी आहे. कोणाला यायचं असेल तर मला वड्यांच्या रांगेत गाठा.