डोंगरावरचा धूर

[दृश्य: डोंगरउतार. झाडीतून वर चढणारा धूर. आग कुठेच दिसत नाही.]

समोरच्या डोंगरावर धूर दिसतोय. आग काही दिसत नाही. तरी आपण बेधडक म्हणतो, तिथं काहीतरी पेटलंय. डोळ्यांना जे दिसलंच नाही, ते आपण इतक्या खात्रीनं कशाच्या बळावर सांगतो?

भारतीय तर्कशास्त्रानं या प्रश्नावर दीड हजार वर्षं खल केला. तोही बहुतेक वेळा हेच उदाहरण समोर ठेवून: डोंगर, धूर आणि आग.

या परंपरेचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाचं न्यायसूत्र. अनुमान कसं मांडायचं, याचे पाच अवयव त्यात सांगितले आहेत. पहिली प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. मग हेतू: कारण तिथं धूर आहे. मग उदाहरण: जिथं जिथं धूर, तिथं तिथं आग, जसं स्वयंपाकघरात. त्यानंतर उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. आणि निगमन: म्हणून डोंगरावर आग आहे.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं हेच काम तीन विधानांत बसवलं होतं. मग इथं पाच कशाला? पहिलं आणि पाचवं तर जवळपास एकच आहे.

याचं नैयायिकांनी, म्हणजे या न्यायपरंपरेतल्या पंडितांनी, दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. अनुमान दोन प्रकारचं असतं. स्वतःपुरतं ते स्वार्थानुमान. तिथं पाच वाक्यं लागत नाहीत. धूर पाहिला, चूल आठवली, आग कळली. दुसऱ्याला पटवायचं असतं तेव्हा ते परार्थानुमान. हे पाचही अवयव समोरच्या माणसासाठी आहेत. आधी मी काय म्हणतोय ते त्याला कळलं पाहिजे, मग का म्हणतोय ते, मग असं आणखी कुठं घडतं ते त्याला ओळखीच्या जागी दाखवायचं, आणि तिथून हात धरून पुन्हा डोंगरापाशी आणायचं.

[दृश्य: पेटलेली चूल. मग पहाटेचं तळं, त्यावर तरंगणारं धुकं.]

सगळा भार तिसऱ्या अवयवावर आहे. धूर तिथं आग, या अटळ सोबतीला म्हणतात व्याप्ती. चुलीपाशी दोन्ही आहेत. तळ्यात आग नाही, म्हणून धूरही नाही. पण थांबा, तळ्यावर काहीतरी पांढुरकं तरंगतंय. कुणी त्याला धूर समजला आणि तळं पेटलंय म्हणाला, तर त्याची व्याप्ती बरोबर, पण हेतूच खोटा. हा झाला असिद्ध हेतू.

अशा फसव्या हेतूंना हेत्वाभास म्हणतात. त्यांचे पाच मुख्य प्रकार, आणि त्यांचे पुन्हा पोटप्रकार. या साऱ्या परिभाषेचा कोश आपल्याकडे भीमाचार्य झळकीकरांनी रचला. त्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काढली.

[दृश्य: लोहाराची भट्टी. सांडशीत धरलेला लालबुंद लोखंडी गोळा.]

आता हा गोळा नीट पाहा. आग त्याच्यात पुरेपूर भिनली आहे. जवळ हात नेववत नाही. पण धूर? धुराचा मागमूस नाही.

म्हणजे धुरावरून आग सांगता येते, आगीवरून धूर सांगता येत नाही. मग आगीतून धूर निघतो तो केव्हा? सरपण ओलं असेल तेव्हा. जिथं धूर आहे तिथं ओलं सरपण असतंच, पण जिथं आग आहे तिथं ते असेलच असं नाही. अशा लपून राहिलेल्या अटीचं नाव उपाधी. उपाधी सापडली की अनुमान कोसळलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. तिथं निदान योगायोग उघड दिसतो. उपाधी दिसत नाही, शोधावी लागते. एखाद्या क्लासच्या फलकावर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो झळकतात, खाली लिहिलेलं असतं, आमच्याकडे या, यश मिळवा. ती मुलं आधीपासूनच अभ्यासात पुढे होती का? त्याच क्लासला जाणारी आणि फलकावर नसलेली बाकीची मुलं कशी होती? फी भरण्याआधी आईवडिलांनी हे विचारलंच पाहिजे. ओलं सरपण तिथं आहे.

आता चार्वाकांची, म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्यांची शंका, आणि ती खरोखर जबरदस्त आहे. तुम्ही काही चुली पाहिल्या, काही भट्ट्या पाहिल्या. जगातला सगळा धूर पाहिलात का? उद्याचा पाहिलात? मग ‘जिथं जिथं’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? युरोपात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं याच जातीचा प्रश्न १७३९ मध्ये छापला.

चार्वाकांना दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्यांनी उत्तर दिलं: उद्याचा, दूर देशीचा धूर वेगळा असेल अशी शंका घेता, तो उद्या आणि तो देश तरी तुम्हाला कुठं दिसलाय? तोही अनुमानानंच कळला ना? आणि शंका आपल्याच वागण्याच्या विरोधात जाऊ लागली की तिथं तिची हद्द संपते. बाराव्या शतकात नैयायिकांचा टीकाकार श्रीहर्ष यानं उदयनाचाच श्लोक घेतला, मोजके शब्द बदलले आणि तो त्यांच्यावरच उलटवला: विरोध आहे म्हणता, म्हणजे शंका शिल्लक आहेच, मग विरोधानं ती संपली कशी?

यावर चौदाव्या शतकात मिथिलेचे नैयायिक गंगेशोपाध्याय बोलले. शंका घेणाऱ्याचं वागणंच त्याची शंका अडवतं, असं त्यांचं म्हणणं. ज्याला धूर हवा तो विस्तव शोधायला जातो. ज्याला भूक लागते तो जेवायला बसतो. आणि ज्याला दुसऱ्याला काही सांगायचंय तो शब्द वापरतो. चार्वाकसुद्धा आपली शंका शब्दांतच मांडतो, ऐकणाऱ्याला ती कळेल या भरवशावर.