घरभेदी शोधायचं काम घरभेद्याकडेच!

नमस्कार मंडळी! समजा, दाराची बेल वाजते. बाहेर अनोळखी माणूस, बोलण्यात परदेशी हेल. म्हणतो, "तुम्ही आमच्यासाठी हेरगिरी करता हे तुमच्या लोकांना कळलंय. पळा, सोय आम्ही करतो." काय कराल?

ब्रायन केली यांच्यावर हीच वेळ आली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एफबीआयला, म्हणजे देशातले हेर पकडणाऱ्या अमेरिकी तपास संस्थेला, कळवलं. आणि त्या माणसाला पाठवलं होतं कोणी? एफबीआयनेच!

केली सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे अधिकारी. १९९४ मध्ये सीआयएमधलाच रशियाचा हेर ऑल्ड्रिच एम्स पकडला गेला, तरी फुटलेल्या काही गुपितांचा हिशेब लागेना. म्हणजे आत आणखी एक घरभेदी. संशय केलींवर. का? ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या व्हिएन्ना गावात राहायचे. तिथल्या ज्या नॉटोवे पार्कात ते धावायला जायचे, तिथेच रशियनांशी पाकिटांची देवाणघेवाण झालेली. त्यात त्यांच्याकडे खुणा केलेला एक नकाशा सापडला. झालं! नकाशा होता धावण्याच्या रस्त्याचा.

आता गंमत बघा. केली खोटं पकडायच्या यंत्राच्या परीक्षेत पास झाले. निष्कर्ष? 'यंत्रालाही गंडवतो, बर्फासारखं डोकं आहे.' अनोळखी माणसाची तक्रार केली? 'बघा, किती सराईत!' काविळीत सगळंच पिवळं दिसतं म्हणतात ना, तसं. १९९९ मध्ये त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. मुलांना सांगितलं, तुमचे वडील हेर आहेत. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

मग २००० मध्ये एफबीआयने एका रशियन माणसाकडून केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेची, फाइल मिळवली, तब्बल ७० लाख डॉलर मोजून. आत १९८६ सालची फोनवरच्या बोलण्याची टेप. सगळे कान टवकारून बसले, आता केलींचा आवाज येणार. आला भलत्याचाच! पण ओळखीचा. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनचं एक शिवराळ वाक्य होतं, आणि ते कोण सारखं ऐकवतं हे तिथल्या एकाला पक्कं ठाऊक होतं. रॉबर्ट हॅन्सन. एफबीआयचाच माणूस.

हा १९७९ पासून, मध्ये थांबत थांबत, रशियनांना गुपितं विकत होता. १९९० मध्ये त्याच्या मेहुण्याने, तोही एफबीआयमध्येच, त्याच्यावरचा संशय वरिष्ठांच्या कानावर घातला होता. कोणी मनावर घेतलं नाही. आणि कहर म्हणजे, १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्यात फितूर कोण, याचा अभ्यास करायचं काम हॅन्सनकडेच दिलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! यंत्राची ती परीक्षा? पंचवीस वर्षांत त्याची एकदाही झाली नाही.

१८ फेब्रुवारी २००१. फॉक्सस्टोन पार्कात लाकडी पुलाखाली कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट ठेवून हॅन्सन निघाला आणि पकडला गेला. गाव कुठलं? व्हिएन्ना. केलींचंच.