काळपुळी आणि जिलबी

(इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय ‘चयापचन आणि संसर्ग’ असा छापलाय. शब्द चयापचय आहे, म्हणजे खाल्लेल्याचं शरीर पुढे जे करतं ते, पण असू द्या. इंदूरकरांना पचनच जास्त जवळचं.

आपल्याकडे कुणी तापलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठे खाल्लंस?’ रात्री साडेअकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्याने गराडू, म्हणजे तळलेला कंद, हाणले, तिथेच बाधलं असणार! जंतू आला कुठून याचा तपास सगळे करतात. ज्याच्या घरात तो शिरला त्याचं दार आधीपासून सताड उघडं होतं का, हे कुणी विचारत नाही. वीस वर्षं माझं हेच तुणतुणं आहे.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मानेवर, कॉलर घासते तिथे, एक पुळी आली. मी डॉक्टर, म्हणजे अर्थातच दुर्लक्ष केलं. चार दिवसांत ती लिंबाएवढी झाली आणि तिला तीन-चार तोंडं फुटली. रामबागेतल्या आमच्या आत्याने, वय ऐंशीच्या पुढे, लांबूनच बघून सांगितलं, ‘अरे, ही काळपुळी! लघवीला मुंग्या लागतायत का बघ.’ एमडी मी, मधुमेहाचं निदान तिचं. अशा आत्या आता होत नाहीत, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मग मी काय केलं? रक्त तपासायच्या आधी तीन दिवस जिलबी सोडली! पोह्यांबरोबर जिलबी नाही म्हणजे आपल्याकडे सुतकच. सौ.ला वाटलं, माझं कुणाशी तरी वाजलंय. चौथ्या दिवशी ऐटीत लॅबमध्ये गेलो. रक्त घेणारा मुलगा म्हणाला, ‘सर, एचबीएवनसी पण करून टाकू?’ नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? उपाशीपोटीची साखर १४८, म्हणजे चढलेलीच आली. म्हटलं, पुळीमुळे असेल. एचबीएवनसी मात्र ८.६! ६.५ पासून मधुमेह धरतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तिला चिकटलेली साखर ही चाचणी मोजते, म्हणजे दोन-तीन महिन्यांची खातेवहीच. माझ्या तीन दिवसांच्या उपासाची तिथे दखलसुद्धा नव्हती.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मूळ विषय पळतच सांगतो.

साखर सतत चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जंतूपाशी उशिरा पोचतात, आणि पोचल्या तरी त्याला गिळून मारायचं काम अर्धवट करतात. मधुमेह्याला टीबीचा धोका दुपटी-तिपटीने जास्त, म्हणून सरकारी कार्यक्रमात टीबीच्या पेशंटची साखर बघतात. २०२१ आठवा, एमवाय हॉस्पिटलमधले ब्लॅक फंगसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे वॉर्ड. ती बुरशी परदेशातून नव्हती आली, मातीत, कुजक्या पाल्यात ती असतेच. त्या वर्षी तिला चढलेली साखर मिळाली, वर कोविडसाठी दिलेलं स्टिरॉइड. शिवाय साखर फार चढून रक्त आम्लाकडे झुकलं की बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला वाढायला तेच लागतं.

मागे बसलेल्या सडपातळ मंडळींनी हसू नये, साखर त्यांनाही सोडत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाटा आपल्याला हे सांगत नाही. आणि पोटाच्या आतली चरबी गप्प बसत नाही, शरीरात बारीक दाह चालू ठेवते.

उलटंही होतं. संसर्ग झाला की ताणाची संप्रेरकं साखर चढवतात, चढलेली साखर संसर्गाला बळ देते. माझ्या पुळीला चीर दिली, अँटिबायोटिक झालं, तरी जखम भरेना. साखर उतरली तेव्हा कुठे भरली.

फ्लूच्या आणि न्युमोनियाच्या लसींचं राहिलंच... घंटा झाली वाटतं. मानेवर वण अजून आहे. बघायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी या, कॉलर खाली करून दाखवतो.