पोटगीचा आकडा कुठून येतो?

पोटगीच्या खटल्यातला महत्त्वाचा कागद म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र. पगार, घरभाडं, औषधपाणी, मुलांची फी, बँकखाती, मुदत ठेवी, शेअर, सोनं, गाडी, फ्लॅट, कर्ज. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा नमुना ठरवून दिला आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक केला. शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा. वकिलांचा युक्तिवाद कितीही रंगो, आकडा बहुतेक वेळा याच पानांवर ठरतो.

‘पगाराचा चौथा हिस्सा मिळतो’ असं सर्रास सांगितलं जातं. २०१७ साली कल्याण डे चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली, त्याचा हा परिणाम. हिंदू विवाह कायद्यात मात्र टक्केवारीच नाही. दोघांचं उत्पन्न, लग्न किती वर्षं टिकलं, वय, शिक्षण, सासरी असतानाचं राहणीमान, मुलं कोणाकडे, म्हाताऱ्या आईवडिलांचा भार कोणावर, हे सगळं पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. म्हणूनच सारख्या पगाराच्या दोन घरांत दोन वेगळे आदेश निघतात.

पत्नी शिकलेली आहे, ती कमावू शकते, एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची पात्रता आणि हातात येणारा पगार या दोन गोष्टी न्यायालय वेगळ्या मानते. आणि हो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पतीलाही पोटगी मागता येते, फक्त असे अर्ज फार कमी दिसतात.

पगारदाराचा हिशेब तसा सोपा. आयकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी वजा होतो. विम्याचे हप्ते, सोसायटीचं कर्ज, स्वतःहून घेतलेलं गाडीचं कर्ज वजा करायला न्यायालयं सहसा तयार नसतात. नोटीस आल्यानंतर काढलेलं कर्ज तर पहिल्याच नजरेत खटकतं.

खरी ओढाताण व्यावसायिकाच्या बाबतीत होते. समजा, आयकर विवरणपत्रात वर्षाचं उत्पन्न ४ लाख दाखवलंय आणि क्रेडिट कार्डचं बिल दर महिन्याला ४५ हजार भरलं जातंय. वर्षाचे झाले ५ लाख ४० हजार. उत्पन्नापेक्षा खर्च मोठा, तर मधला पैसा कुठून आला? उलटतपासणीत याचं उत्तर देता आलं नाही, की न्यायालय राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज लपवणाऱ्याला महागात पडतो. नोकरी लपवणाऱ्या पत्नीचीही गत हीच. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते ती वेगळीच.

अर्ज कोणत्या कायद्याखाली? घटस्फोटाचा दावा चालू असताना कलम २४ ची अंतरिम पोटगी, निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कलम २५ ची कायमस्वरूपी पोटगी. कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. आणि सर्व धर्मीयांना लागू असलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. अर्ज दोन-तीन ठिकाणी करता येतात, पण पैसे दोन-तीनदा मिळत नाहीत. एकीकडे १५ हजार मंजूर असतील आणि दुसरं न्यायालय २० हजार योग्य मानत असेल, तर वरचे ५ हजारच वाढतात. त्यासाठी आधीचा आदेश अर्जात सांगावाच लागतो. तो दडवला की विश्वासार्हता तिथेच जाते.

पोटगी लागू होते अर्जाच्या तारखेपासून. तारखांवर तारखा घेऊन पैसे वाचतात, हा हिशेब म्हणूनच चुकतो. अंतरिम आदेशाला अडीच वर्षं लागली आणि १५ हजार मंजूर झाले, तर एकाच दिवशी साडेचार लाखांची थकबाकी उभी राहते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात बहुतेक जण एकरकमी पोटगी ठरवतात. इथे घोळ होतो तो संमतीच्या अटींच्या मसुद्यात. रक्कम लिहिलेली असते. हप्ते कधी, डिमांड ड्राफ्ट कोणत्या तारखेला, फ्लॅटचं कर्ज पुढे कोण फेडणार, हे मात्र राहून जातं. अंतिम हुकूमनाम्याआधी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे रक्कम टप्प्याटप्प्यानं बांधणं शहाणपणाचं. मुलांच्या खर्चाचं कलम वेगळं हवं. आईनं स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलांचा हक्क जात नाही.

आदेश हातात आला, पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज. हिंदू विवाह कायद्याचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. पोटगीसाठी पगार जप्त करताना कायदा फक्त एक तृतीयांश पगाराला संरक्षण देतो. कलम १४४ खाली वॉरंट निघतं, आणि तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र या कलमाखालचा वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल कधीतरी’ म्हणत दोन वर्षं थांबलं, की पहिल्या वर्षाची थकबाकी या वाटेनं वसूल होत नाही.