'गाढव' ही नोंद मला महागात पडली

[स्क्रीनवर: खेळाडूच्या नावाशेजारी पिवळी खूण आणि एकच शब्द, 'गाढव']

ही माझीच नोंद आहे. ऑनलाइन पोकर टुर्नामेंटमध्ये या भिडूनं माझे एक्के सहा-चारनं फोडले होते. मी तणतणत त्याच्या नावावर क्लिक केलं, हा शब्द टाइप केला आणि पुढच्या डावाला लागलो.

काही आठवड्यांनी तोच पुन्हा समोर आला. माझी टॉप पेअर होती, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी. रिव्हरला, म्हणजे शेवटचा पत्ता उघडल्यावर, त्यानं पॉटएवढी (मध्ये जमलेल्या चिपएवढी) बेट लावली. मी नोंद उघडली, 'गाढव' वाचलं आणि कॉल दाबला, म्हणजे तेवढ्याच चिप घातल्या. त्यानं स्ट्रेट (सलग पाच पत्ते) दाखवला.

आता गंमत बघा. तो पहिला डाव मी नंतर हँड हिस्टरीत, म्हणजे जुन्या डावांच्या यादीत, शोधून काढला. तो भिडू बिग ब्लाइंडवर होता (पत्ते बघण्याआधीच सक्तीची बेट घालणारी जागा; चिपही त्याच बेटच्या मापात मोजतात), हातात एकाच रंगाचे सहा-चार, आणि आम्हा दोघांकडे 60 बिग ब्लाइंड होते. मी दोन बिग ब्लाइंडचा रेझ केला होता, म्हणजे बेट वाढवली होती. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकलेले. स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, त्याचा स्वतःचा एक, अँटीचा (डावाआधीची सक्तीची वर्गणी) एक आणि माझे दोन, म्हणजे साडेचार पॉटमध्ये पडलेले. त्याला घालायचा होता फक्त एक. साडेपाचात एक म्हणजे साधारण 18 टक्के. एवढ्या स्वस्तात तो कॉल अगदी बरोबर होता. त्या डावात कुणी गाढव असेलच, तर ते कॉल करणारं नव्हतं, टाइप करणारं होतं.

आणि समजा तो खरंच काहीही कॉल करणारा असता, तरी माझा रिव्हरचा कॉल चुकीचाच. काहीही कॉल करणारा माणूस बहुतेक वेळा मोठी बेट लावून ब्लफ करत नाही. त्याला पत्ते बघायची हौस असते, दुसऱ्याला पळवून लावायची नसते. पॉटएवढ्या बेटला कॉल करायचा तर तीनातून एकदा तरी आपण जिंकायला हवं. 'गाढव' या शब्दात याचं उत्तर कुठे आहे? कुठेच नाही. त्यात माझा राग आहे, त्याचा खेळ नाही.

म्हणून आता मी काय लिहितो, ते दाखवतो.

[स्क्रीनवर: 'यूटीजी लिंप, 18 बीबी, बटनच्या रेझवर ऑल-इन, एक्के दाखवले. 1 वेळा.']

यूटीजी म्हणजे सगळ्यात आधी खेळणारी जागा, लिंप म्हणजे रेझ न करता नुसता कॉल, बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, बटन म्हणजे डीलरची जागा आणि ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप लावणं. थोडक्यात, कुठे बसला होता, किती स्टॅक (जवळच्या चिप) होता, काय केलं, पत्ते कोणते निघाले. पुढच्या वेळी हाच माणूस 15-20 बिग ब्लाइंड घेऊन पहिल्या जागेवरून नुसता लिंप करेल, तेव्हा मी बटनवरून हलक्या पत्त्यांवर रेझ मारायला जाणार नाही. नोंद वाचून माझा निर्णय बदलत असेल तरच ती ठेवायची.

स्टॅक लिहिला नाही, तर टुर्नामेंटमध्ये नोंद फसवते. कॅश गेममध्ये बहुतेक लोक चिप भरून बसतात, इथे तोच माणूस तासाभरापूर्वी 70 बिग ब्लाइंडवर असतो आणि आता 9 वर. बटनवरून 9 बिग ब्लाइंड असताना एकाच रंगाचे राजा-पाच घेऊन कुणी ऑल-इन गेला, तर त्यात लिहिण्यासारखं काहीच नाही. ते रोजचं आहे. हेच कुणी 40 बिग ब्लाइंड असताना केलं, तर मात्र खेळ थांबवून लिहा. म्हणजे, शब्दशः थांबवू नका, टाइम बँक (विचारासाठीचा जादा वेळ) संपेल.

बबलचंही तसंच. बक्षिसाच्या तोंडाशी बाहेर पडण्याचं नुकसान तेवढ्याच चिप जिंकण्याच्या फायद्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे एरवी दणादण खेळणारेही तिथे आकसतात. बबलवर कुणी बिग ब्लाइंड सहापैकी सहा वेळा सोडला, तर शेजारी 'बबल' लिहाच. नाहीतर पुढच्या टुर्नामेंटच्या पहिल्या लेव्हलला तुम्ही त्याच्या ब्लाइंडवर तुटून पडाल आणि तो शांतपणे कॉल करत राहील.

रंगांच्या खुणांबद्दल खूप जण विचारतात. मी तीनच रंग वापरतो. आठ-दहा रंग लावून बघितले, कुठला कशासाठी हेच आठवेना.

आकडा मात्र विसरू नका. 'ब्लफ करतो' आणि 'ब्लफ, 1 वेळा' यात फार फरक आहे. शिवाय आपल्याला दिसतात ते फक्त शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडण्यापर्यंत, पोचलेले पत्ते. जिथे बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तिथे त्याच्या हातात काय होतं हे आपण मनानं भरतो, आणि हरलेलं मन नेहमी 'ब्लफच होता' असं भरतं. पत्ते दिसले नाहीत, तर मी पत्त्यांबद्दल काही लिहीत नाही.

चार टेबलं उघडी असतील तर हे सगळं त्या क्षणी जमत नाही. मी नुसता डाव मार्क करून ठेवतो आणि बाहेर पडल्यावर लिहितो. तोवर डोकंही थंड झालेलं असतं.

त्या सहा-चारवाल्याची नोंद आता अशी आहे.

[स्क्रीनवर: 'टर्न चेक, रिव्हर पॉटएवढी, 35 बीबीच्या वर. पक्का हात, 2 वेळा.']

परवा तो पुन्हा भेटला. टर्नला, म्हणजे रिव्हरच्या आधीच्या पत्त्याला, चेक (बेट न लावता पुढे), रिव्हरला पॉटएवढी बेट. मी एक्का-राणीची टॉप पेअर टाकून दिली. त्यानं पत्ते दाखवले नाहीत. त्यामुळे त्या 2 चे मी 3 केलेले नाहीत.